एक्स्पोर्ट लावला की पीसी बंद: कोण कोसळतंय ते आधी शोधा

"टाइमलाइनवर सगळं छान चालतं, कट मारताना काही त्रास नाही, पण एक्स्पोर्ट लावला की पीसी बंद." लग्नसराईत ही तक्रार हमखास कानावर येते, आणि त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात. विंडोज नव्याने टाका, एडिटिंग सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन टाका, रॅम वाढवा. हे सगळं करून झालं तरी पीसी पुन्हा त्याच जागी बंद पडतो, आणि तिकडे नवरदेवाचे वडील रोज फोन करत असतात.

माझं म्हणणं एवढंच की दुरुस्तीला हात घालण्याआधी कोसळतंय कोण, ते ठरवा. 'क्रॅश' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. एक, फक्त एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद होतं आणि तुम्ही डेस्कटॉपवर येता. दोन, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते किंवा चित्र गोठतं, पण मागे गाणं वाजत राहतं. तीन, अख्खा पीसीच जातो, कधी विंडोज कोसळल्याचा निळा पडदा दाखवून तर कधी काहीच न दाखवता. पहिल्यात संशय फाइल, फॉन्ट, प्लगइन यांच्यावर. दुसऱ्यात ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरवर. तिसऱ्यात वीज, उष्णता, रॅम आणि प्रोसेसरवर. तिसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर दहा वेळा काढून टाकलंत तरी काही होणार नाही. साधं सॉफ्टवेअर स्वतः बिघडलं म्हणून मशीनची वीज तोडू शकत नाही. ते मशीनकडून जड काम करून घेतं, आणि त्या कामात मशीनचा कच्चा दुवा उघडा पडतो.

विंडोजने लिहून ठेवलेलं वाचा

स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, 'विंडोज लॉग्ज'खाली 'सिस्टिम' उघडा आणि पीसी बंद पडला त्या वेळेच्या नोंदी बघा. तिथे 'कर्नल-पॉवर' नावाची ४१ क्रमांकाची नोंद बहुतेक वेळा सापडतेच. ती बघून लोक घाबरतात, पण तिचा अर्थ फक्त 'मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं' एवढाच आहे. खरी माहिती तिच्या 'डीटेल्स' टॅबमध्ये, 'बगचेक कोड'समोर असते.

तो कोड ० असेल तर विंडोजला मरताना काही लिहायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे वीज अचानक गेली किंवा मशीन पूर्ण गोठलं. (गोठलेला पीसी तुम्हीच पॉवर बटण दाबून बंद केला असेल तरी ० दिसतं, ते लक्षात घ्या.) ० सोडून दुसरा आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेला, तुम्ही तो पाहिला असो वा नसो. हे आकडे इथे दशमान पद्धतीत दिसतात, म्हणून निळ्या पडद्यावरच्या कोडशी जुळत नाहीत आणि गोंधळ होतो. वारंवार भेटणारे सांगतो: २९२ म्हणजे हार्डवेअरनेच चूक कळवली, बहुधा प्रोसेसर किंवा त्याचं व्होल्टेज. २७८ म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अडकला आणि सावरला नाही. २६ म्हणजे मेमरीच्या व्यवस्थापनात गडबड. ८० आलं तर रॅम किंवा एखादा ड्रायव्हर.

आणखी एक सेटिंग आजच बदला. 'सिस्टिम प्रॉपर्टीज'मध्ये 'अॅडव्हान्स्ड', तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी', आणि त्यातली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. यापुढे निळा पडदा आला तर तो तसाच थांबेल आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. खूण काढल्यावरही पीसी आपोआप रिस्टार्ट होत असेल तर दोष विंडोजच्या खालच्या थरात आहे, हे जवळपास पक्कं.

अकोल्याचा पीसी

माझ्या एका मित्राचा अकोल्यात लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. त्याने ग्राफिक्स कार्ड बदललं आणि काही दिवसांनी एक्स्पोर्टच्या मध्येच पीसी बंद पडायला लागला. रोज पडत नव्हता. हायलाइट व्हिडिओ निघायचा, पूर्ण लग्नाची लांब फाइल अडायची. तीसुद्धा कधी रात्री दोनला लावली की निघायची आणि संध्याकाळी सातला लावली की हटकून अडायची. विंडोज नव्याने टाकून झालं होतं. कार्ड दुकानात परत नेलं, तर तिथे ते व्यवस्थित चाललं.

बगचेक कोड ०. निळ्या पडद्याची माहिती विंडोज ज्यात साठवतं ते 'मिनीडंप' फोल्डर रिकामं. म्हणजे निळा पडदा नाहीच, वीज तुटतेय. मी फोनवर त्याला एकच गोष्ट बघायला सांगितली: पीसी जातो तेव्हा मॉनिटरचा छोटा दिवा चालू राहतो की तोही जातो? दोन्ही मॉनिटर पीसीच्याच यूपीएसवर होते. दिवा चालू राहिला तर दोष पीसीच्या आत, म्हणजे एसएमपीएस (पीसीच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड किंवा उष्णता. तोही गेला तर दोष पीसीच्या बाहेर. या प्रश्नाला एक रुपया लागत नाही आणि निम्मी शक्यता कमी होते.

दिवा जात होता.

"पण यूपीएसची बॅटरी तर आत्ताच नवी टाकली रे," तो म्हणाला. हा गैरसमज इतक्या ठिकाणी भेटतो की त्यावर थांबायलाच हवं. नवी बॅटरी वेळ वाढवते, वॅट वाढवत नाही. त्याचा यूपीएस ६०० व्हीएचा होता. आपल्याकडे दुकानात मिळणारे बरेचसे ६०० व्हीए यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचेच असतात. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आता हिशोब करा. नवं कार्ड २०० वॅटचं. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालला की १४२ वॅटपर्यंत. मदरबोर्ड, रॅम, ड्राइव्ह, पंखे मिळून पन्नासेक धरा. झाले ३९० च्या आसपास. एसएमपीएस स्वतः काही वीज उष्णतेत घालवतो, म्हणून भिंतीतून खेचली जाणारी वीज साधारण ४३५ वॅट. वर दोन मॉनिटर. एकूण ४९० च्या घरात, आणि यूपीएस ३६० चा.

मग एडिटिंग करताना तो कसा चालायचा? कारण कट मारताना कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकाच वेळी पूर्ण ताकदीने क्वचितच राबतात. एक्स्पोर्टला राबतात, विशेषतः नॉइज रिडक्शन आणि कलर ग्रेड लावलेला असेल तेव्हा, आणि तेही तासभर सलग. शिवाय वीज असते तेव्हा यूपीएस थोडा जास्तीचा भार काही काळ सहन करतो. संध्याकाळी सगळीकडचा वापर वाढून दाब उतरला की तेवढ्याच वॅटसाठी जास्त अँपिअर ओढावे लागतात: ३६० वॅटला २३० व्होल्टवर दीड अँपिअरच्या जरा वर, तर १८० व्होल्टवर सरळ २. त्यात लाइट क्षणभर लपकली की यूपीएस बॅटरीवर जातो, आणि बॅटरीवर असताना जास्तीचा भार आला की तो लगेच तोडतो. खोलीतला दिवा फक्त मिचकतो, म्हणून 'लाइट गेलीच नव्हती' असंच सगळे शपथेवर सांगतात.

खात्री करायला खर्च करायची गरज नव्हती. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात कार्डाची 'पॉवर लिमिट' खाली आणता येते. ती ७० टक्क्यांवर आणली, मॉनिटर यूपीएसवरून काढून भिंतीच्या सॉकेटवर घेतले आणि संध्याकाळी तीच लांब फाइल लावली. निघाली. मर्यादा पुन्हा १०० वर नेली, पीसी पुन्हा गेला. अशा उलटसुलट चाचणीनंतरच मी निदान पक्कं मानतो. एकदा फाइल निघाली यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ती आधीही अधूनमधून निघतच होती.

शेवटी त्याने जास्त वॅटचा, प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घेतला. साइन वेव्ह का? स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस ती न सोसून बंद पडतात. लाइट गेली की तुमचा पीसी त्याच क्षणी रिस्टार्ट होत असेल, तर यूपीएसमध्ये भरपूर वॅट असूनही कारण हे असू शकतं. यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅट बघा. लेझर प्रिंटर त्यावर कधीही लावू नका. त्याचा हीटर तापताना एका झटक्यात जबरदस्त वीज ओढतो.

मॉनिटरचा दिवा चालू राहून फक्त पीसी जात असेल तर रोख एसएमपीएसकडे वळवा. नवी ताकदवान कार्डं क्षणाच्याही छोट्या भागासाठी लिहिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात. हे इतकं नेहमीचं झालं की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा क्षणिक उसळ्या सोसण्याची अट घालावी लागली. जुना किंवा बिननावाचा एसएमपीएस त्या उसळीला शॉर्टसर्किट समजून स्वतःला बंद करतो. कार्डाला दोन पॉवर जोडण्या असतील तर एकाच वायरची दोन टोकं लावू नका, एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा.

उष्णता

विदर्भात एप्रिल-मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास आणि लग्नांची सगळी डिलिव्हरी नेमकी तेव्हाच. तरीही नुसता आकडा बघून निष्कर्ष काढू नका. बहुतेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, रायझन ७००० मालिकेत ९५. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. मशीन बंद करणं हा त्यानंतरचा टप्पा. एचडब्ल्यू-इन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिंग चालू ठेवून एक्स्पोर्ट लावा आणि बंद पडल्यावर लॉगच्या शेवटच्या ओळी बघा. वेळेवरूनही अंदाज येतो. उष्णतेचा दोष असेल तर थंड मशीनवर पहिला प्रयत्न लांब टिकतो आणि लगेच केलेला दुसरा लवकर पडतो. वीज किंवा फाइलचा दोष असा वागत नाही. धूळ काढा, कूलरचा पंखा फिरतोय का बघा, पीसी कपाटात कोंडून ठेवला असेल तर बाहेर काढा.

स्क्रीन काळी होऊन परत येते

इथे लॉगमध्ये 'डिस्प्ले' नावाची ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळेत उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर स्वतःच रीसेट करतं. ती मुदत मुळात फक्त २ सेकंदांची आहे. रजिस्ट्रीत जाऊन ती वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो शेवटी ठेवतो, कारण त्याने लक्षण झाकलं जातं आणि कार्ड का अडकलं हा प्रश्न तसाच राहतो.

आधी कार्डाची मेमरी बघा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' एक्स्पोर्ट चालू असताना काठोकाठ भरत असेल तर उत्तर मिळालं. ६ जीबीच्या कार्डावर ४के टाइमलाइन, त्यावर टेम्पोरल नॉइज रिडक्शन, त्यावर आणखी दोन इफेक्ट, हे ओझं जास्तच आहे. दाविंची रिझॉल्व्ह तर जीपीयू मेमरी भरल्याचं स्वच्छ सांगतं. नॉइज रिडक्शन लावलेल्या क्लिप आधी वेगळ्या रेंडर करून घ्या आणि टाइमलाइनवर त्या तयार फाइली वापरा.

मेमरी भरत नसेल तर ड्रायव्हर. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. जुना ड्रायव्हर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर'ने सेफ मोडमध्ये पूर्ण काढून मगच नवा टाका. आणि कार्ड कोणी ओव्हरक्लॉक केलं असेल तर ते आधी मूळ वेगावर आणा. गेममध्ये टिकणारा ओव्हरक्लॉक तासभराच्या रेंडरमध्ये टिकेलच असं नाही.

रॅम, पेज फाइल, प्रोसेसर

बगचेक कोड दर वेळी वेगळा येत असेल तर मी पहिल्यांदा रॅमवर बोट ठेवतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जाहिरातीतल्या वेगावर चालवणारी सेटिंग) बंद करा आणि तोच एक्स्पोर्ट लावा. निघाला तर रॅम जाहिरातीतल्या वेगावर स्थिर नाही; मंद वेगावर काम करा किंवा बदलून घ्या. नाही निघाला तर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी ती रॅम गेली असं समजा. जुन्या दोन पट्ट्यांत वेगळ्या कंपनीच्या दोन टाकून चार केल्या असतील तर आधी त्या नव्या दोन काढून बघा.

पेज फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा, बंद करू नका. 'एसएसडी वाचते', 'वेग वाढतो' म्हणून ती बंद केलेले कितीतरी पीसी मी बघितलेत, आणि त्यातल्या एडिटिंगच्या पीसींवर ३२ जीबी रॅम असूनही सॉफ्टवेअर न सांगता बंद व्हायचं. 'सिस्टिम' लॉगमध्ये २००४ क्रमांकाची, व्हर्च्युअल मेमरी कमी पडल्याची नोंद असेल तर पेज फाइल 'सिस्टिम मॅनेज्ड' करा आणि सी ड्राइव्हवर मोकळी जागा ठेवा.

इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोसची तारीख आत्ताच बघा. यातल्या काही प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) सुधारणा दिल्या. त्या मदरबोर्डच्या नव्या बायोसमधून मिळतात. झालेलं नुकसान मात्र त्याने भरून येत नाही. बायोस अद्ययावत करूनही बगचेक कोड २९२ येत राहिला तर वॉरंटीत प्रोसेसर मागा; या प्रोसेसरची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवली आहे.

फक्त सॉफ्टवेअर बंद होतं

आता लॉगचा 'अॅप्लिकेशन' विभाग उघडा, १००० क्रमांकाची नोंद शोधा आणि 'फॉल्टिंग मोड्युल नेम' वाचा. तिथे तुमच्या प्लगइनचं नाव असेल तर ते प्लगइन काढा. 'एनव्ही'ने (म्हणजे एनव्हिडिया) सुरू होणारं नाव असेल तर वर सांगितलेलं ड्रायव्हरचं काम करा. अॅडोबी प्रीमिअरमध्ये 'कूलटाइप' असं नाव आलं तर फॉन्ट तपासा. आपल्याकडे हे होण्याचं कारणही आहे. पत्रिकेच्या आणि टायटलच्या कामासाठी देवनागरी फॉन्टचे मोठमोठे संग्रह पेन ड्राइव्हवरून या पीसीवरून त्या पीसीवर फिरत असतात, आणि त्यात अर्धवट कॉपी झालेल्या फाइली असतात. ज्यांची गरज नाही ते फॉन्ट काढा आणि लागतील ते एकेक करून परत टाका. (प्रीमिअरमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर तो वेगळा प्रश्न आहे: प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा.)

मोड्युलवरून काही कळलं नाही तर टाइमलाइन अर्धी करा. ४० मिनिटांची टाइमलाइन असेल तर इन-आउट लावून पहिली २० मिनिटं एक्स्पोर्ट करा. निघाली तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. त्याचं पुन्हा अर्ध करा. पाच वेळा अर्ध केलं की सव्वा मिनिटाचा तुकडा हातात राहतो, आणि त्यात मोजक्या क्लिप असतात. ही पद्धत मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिला कसलंही ज्ञान लागत नाही आणि ती चुकत नाही.

त्या तुकड्यात बहुधा काय सापडतं? कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून अर्धवट कॉपी झालेली क्लिप. मूळ कार्डावरच्या फाइलशी आकार ताडून बघा. पाहुण्यांनी मोबाइलवर काढून पाठवलेला व्हिडिओ. मोबाइल फ्रेम रेट बदलता ठेवतो, त्याने आवाज सरकतो आणि काही वेळा एक्स्पोर्टही अडतो. किंवा कॅमेऱ्याची १०-बिट ४:२:२ फाइल, जी बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना हार्डवेअरमधून उलगडता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. शेवटच्या दोन्हींवर उपाय एकच: शटर एन्कोडर हे मोफत साधन घ्या, त्यात क्लिप स्थिर फ्रेम रेटच्या डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस या एडिटिंगला हलक्या फॉरमॅटमध्ये बदला आणि टाइमलाइनवर ती बदललेली क्लिप ठेवा. फाइल मोठी होते, डिस्कवर जागा ठेवा. मूळ क्लिपच तुटलेली असेल तर ती बदलूनही उपयोग नाही, कार्डावरून पुन्हा कॉपी करावी लागते. म्हणून डिलिव्हरी होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.

दोष क्लिपमध्ये नाही असं वाटलं तर एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये 'हार्डवेअर एन्कोडिंग'ऐवजी 'सॉफ्टवेअर' करून बघा. वेळ लागेल, पण निघाली तर कार्डाच्या एन्कोडरवर किंवा ड्रायव्हरवर संशय पक्का होतो.

उद्याच डिलिव्हरी असेल तर

दोष सापडेपर्यंत काम थांबवता येत नाही, हे मला माहीत आहे. एमपी४ फाइलची सूची शेवटी लिहिली जाते, म्हणून ९५ टक्क्यांवर पीसी गेला तर ती फाइल उघडतच नाही आणि सगळं रेंडर वाया जातं. त्याऐवजी टाइमलाइनचे विधीनुसार तुकडे करा: हळद, सीमंतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी. प्रत्येक तुकडा डीएनएक्सएचआरमध्ये वेगळा काढा, मग नव्या टाइमलाइनवर ते सलग लावून शेवटचा एमपी४ काढा. शेवटच्या फेरीत इफेक्ट नसतात, त्यामुळे भार खूप कमी असतो. कार्डाची पॉवर लिमिट ७० वर ठेवा, मॉनिटर यूपीएसवरून काढा. प्रोजेक्टची ऑटो-सेव्ह दुसऱ्या ड्राइव्हवर वळवा.

आणि कोणाला मदत मागायची असेल तर 'पीसी हँग होतो' एवढंच लिहू नका. तिन्हींपैकी कुठला प्रकार, बगचेक कोड किती, फॉल्टिंग मोड्युल कोणतं, मॉनिटरचा दिवा राहतो की जातो, कार्डाचं आणि प्रोसेसरचं नाव, एसएमपीएस आणि यूपीएस किती वॅटचे, फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं, आणि हा त्रास सुरू होण्याच्या आधी पीसीत शेवटचं काय बदललं होतं, तेवढं सांगा.